नित्याविना फोटो

धाकट्या भावाच्या, हनुमंतरावाच्या साठीशांतीत कनकलतेला कमवायचं होतं ते एवढंच: पाहुण्यांनी घरी जाताना भावजयीच्या पायसाचं नाव न काढता आपलं काढावं. पायस संध्याकाळपर्यंत जिरतं. हातात दिलेला फोटो कपाटाच्या काचेवर वर्षानुवर्षं राहतो. सौदा फायद्याचा होता. भांडवल म्हणजे शारजाहून लेकाने धाडलेला कॅमेरा, ज्याच्या पोटातून फोटो तिथल्या तिथे बाहेर पडतो.

तालीमही तिने केली होती. माणूस दोन हात लांब हवा, उजेड आपल्या पाठीशी हवा, निघालेला फोटो पंख्यासारखा हलवायचा नाही, पालथा ठेवून धीर धरायचा. परसातली केळ, शेजारीण, शेजारणीचं मांजर, सगळे झकास आले. मग नवरात्रातली आयुधपूजा आली. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर यांच्या पंगतीत कॅमेराही बसला आणि पूजा झाल्यावर थेट कपाटात गेला.

मंडपात पहिला मान पापनाशमच्या रघुपतीमामांना. फोटो उमटू लागला तसा त्यात मामांचा चेहरा काही येईना. मिशी तेवढी आली.

"कनका, हा जपून ठेव," मामा म्हणाले. "माझ्या वर्षश्राद्धाला लावा. तेव्हा मी असाच दिसत असेन."

पुढचेही तसेच. ओरत्तनाडूहून आलेली मंडळी पिठाच्या डब्यात पडून उठल्यागत पांढरीफेक. हसू एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत गेलं. भावजय लक्ष्मीप्रिया तर वाढायचं सोडून बघायला आली.

"मी काय करू?" कनकलता बोलून गेली. "फिल्म नित्याकडे दिली होती धरायला. उन्हात ठेवली असणार पोरीने."

नित्या ही हनुमंतरावाची नवी सून. पुडकं तिने धरलं होतं खरं, पण खांबाच्या सावलीत, मांडीवर घेऊन. तिने तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, आणि मिटलं.

"हिचं लक्ष असतं कुठे, तेच कळत नाही," लक्ष्मीप्रिया म्हणाली. नित्याच्या माहेरची माणसं ऐकत होती, तरी म्हणाली.

कनकलता कॅमेरा घेऊन हात धुवायच्या जागी गेली. तिथे उजेडात तिला दिसलं. भिंगाच्या शेजारी बारीक भोक असतं, त्यातून कॅमेरा उजेड मापतो. त्या भोकावर वाळलेलं गंध आणि वर कुंकू. आयुधपूजेला तिनेच लावलेलं, कपाळाची जागा शोधावी तशी शोधून, भक्तीने. कॅमेरा बिचारा भर दुपारी अंधार समजून होता नव्हता तो उजेड ओतत होता.

इकडेतिकडे पाहत तिने पदराचं टोक भिजवलं आणि ठिपका पुसून काढला.

फिल्म एकच उरली होती. हनुमंतरावाभोवती सगळं घर उभं राहिलं.

"नित्यालाही बोलवा," कनकलता म्हणाली, पण अशी हळू, की कोणी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

"नको अक्का, तिची सावली पडली तरी फोटो करपायचा," लक्ष्मीप्रिया म्हणाली. "वाढू दे तिला तिकडे."

सगळे हसले. 'चूक माझी', दोन शब्दांचं काम होतं. नित्याचं नाव घ्यायला जी जीभ एवढी चपळ, ती आता टाळूला चिकटली. कनकलतेने बटण दाबलं.

फोटो सुरेख आला. जरीचा काठसुद्धा दिसत होता.

"अक्काचा हातच तसा," हनुमंतराव म्हणाला, आणि फोटो हातोहात फिरला.

ती नित्यापाशी गेली. पोरगी शेवटच्या पंगतीची पानं मांडत होती.

"दमलीस का ग?"

नित्याने तिच्या पदराकडे पाहिलं. "आत्या, तेवढं लगेच धुऊन टाका. कुंकवाचा डाग बसला की निघत नाही."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. कनकलतेने टोक मुठीत धरलं. अजूनही सगळी माणसं समोरच होती, सांगता आलं असतं. तेवढ्यात मामांनी हाक मारली, "कनका, असा एक मलाही हवा," आणि ती लगबगीने तिकडे गेली.

मामांना थट्टा मिळाली, हनुमंतरावाला फोटो, लक्ष्मीप्रियेला सुनेला बोलायचं निमित्त, आणि कनकलतेला हवं होतं ते नाव. किंमत सगळी नित्याने भरली, आणि तिने तर काही घेतलंच नव्हतं.