आपल्या कॅमेऱ्यात न चालणारं कार्ड

…निळं होतं ते. पोस्टाच्या तिकिटाएवढं, चार्जरच्या वायरीच्या वेटोळ्यात अडकलेलं, आणि वायर ओढली तसं टेबलावर टपकन पालथं पडलं. शुभांगीनं नखानं ते सुलटं केलं. चार जीबी. तिनं पुन्हा वाचलं, जणू चारचा आकडा दुसऱ्यांदा वाचल्यावर दोन होणार होता. खाली द्वारकेच्या चौकात कुणी ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता, आणि त्या आवाजात तिला आपलं स्वतःचं म्हणणं ऐकू येईना — हे आपलं नाही. हे आपलं कार्ड नाही.

आपली कार्डं काळी. एकेक जीबीची दोन आणि दोनचं एक, आणि तिन्हींवर कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका, तिनंच लावलेला, कारण एका लग्नात दुसऱ्याच कुठल्या फोटोग्राफरशी कार्डांची अदलाबदल झाली होती आणि वधूच्या जागी भलतीच वधू निघाली होती. लग्न असलं की सकाळी ज्ञानेशची बॅग उघडायची, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, लेन्स पुसायची, कार्डं रिकामी आहेत ना ते बघायचं — हे तिचं काम. कुणी सांगितलेलं नाही, तिनंच घेतलेलं. ‘पाकळी फोटो’ सुरू झालं तेव्हापासून धाकट्या भावानं फोटो काढायचे आणि मोठ्या बहिणीनं ते उतरवून घ्यायचे, निवडायचे, अल्बम लावायचा, अशी वाटणी होती. बॅगेच्या प्रत्येक कप्प्यात काय असतं ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं… आलं असतं, असं तिला आजपर्यंत वाटत होतं.

आणि चार जीबीचं म्हणजे चुकून घेतलेलं, असंही म्हणता येईना. ती चूक त्यांची करून झाली होती, गेल्या वर्षीच. तिनं स्वतः महात्मा गांधी रोडवरून हौसेनं चारचं कार्ड आणलं, की एका लग्नाला एक पुरेल, मधेच बदलायची धावपळ नको. आणि कॅमेऱ्यानं ते तोंडात घेऊन थुंकून टाकलं. दोघं तसेच गाडीवर टांग टाकून दुकानात परत. दुकानदारानं समजावलं होतं — ताई, कार्ड दिसायला तेच, बसतंही तिथंच, पण त्यावर फोटो लिहून ठेवायची पद्धत असते ना, ती बदलली. तुमचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, त्याला दोनच्या पुढचं कळत नाही. नवा कॅमेरा दोन्ही घेतो, जुना नवं घेत नाही. ज्ञानेश तिथंच हसत सुटला होता. “आपला म्हातारा दोनच भाकरी खातो, ताई. तिसरी वाढली की ताट सरकवतो.” नंतर कितीतरी दिवस घरात कॅमेऱ्याला म्हाताराच म्हणत होते. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे तो हे कार्ड आपल्या कॅमेऱ्यासाठी घेणार नाही. मग कुणाच्या?

नवा घेतलाय. तिच्या मनात एकदम उजाडल्यासारखं झालं — अगं बाई, नवा कॅमेरा घेतलाय त्यानं, आणि मला सांगितलं नाही, दिवाळीला काढून दाखवणार, नाहीतर पाडव्याला मळ्यात आईच्या हातून नारळ फोडून घेणार, त्याला असलं नाटक करायची सवयच आहे लहानपणापासून, परीक्षेत पास झाला तरी आधी तोंड पाडून यायचा. तिला हसू आलं. ती चक्क खुर्चीत रेलून हसली आणि कार्ड पुन्हा वायरीत होतं तसं गुंडाळून ठेवायला लागली, आपल्याला कळलं हे त्याला कळू द्यायचं नाही म्हणून… आणि मग तिला कार्डाची मागची बाजू दिसली. सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे होते, उभे, बारीक, एकावर एक. नव्या कार्डावर असले ओरखडे नसतात. घालून-काढून, घालून-काढून पडतात. आपल्या काळ्या कार्डांवर पडायला वर्ष लागलं होतं.

हसू कुठं ठेवावं ते तिला कळेना.

तरी तिनं ते कॅमेऱ्यात घालून पाहिलं. वेड्यासारखंच, कारण उत्तर माहीत होतं. कार्ड वापरता येणार नाही, म्हाताऱ्यानं सांगितलं. मग कॉम्प्युटरच्या रीडरमध्ये घातलं. रीडरही म्हाताऱ्याच्याच वयाचा. खिडकी उघडली, पण फोटोंची नाही, प्रश्नाची: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? हो. नाही. तिला या प्रश्नाची भाषा पाठ होती. कार्ड रिकामं आहे असा त्याचा अर्थ नव्हता; मला वाचता येत नाही, असा होता. वाचता येत नाही म्हणून पुसून टाकू का, असं ते यंत्र विचारत होतं, आणि तिचा हात माउसवर होता. ‘हो’ दाबलं तर पुसलं जाईल, नाहीतर निदान बिघडेल तरी, आत जे काही आहे ते. कुणाची हळद, कुणाचं साखरपुड्याचं पेढे भरवणं, कुणाची रडणारी आई. कुणाच्या तरी घरचा एकुलता एक दिवस. त्यांनी माझं काय घोडं मारलंय? पण मी का विचार करू त्यांचा — माझा कुणी केला? बाण ‘हो’वर होता. तो तिथं किती वेळ होता ते तिला सांगता आलं नसतं. खालचा हॉर्न थांबला तेव्हा तिनं ‘नाही’ दाबलं, आणि हात पदराला पुसला.

चिडायचं होतं तिला, कडकडून, पण राग येण्याआधी लाजच वाटायला लागली, आणि ती कशाची हे हळूहळू वर आलं. फुलाबाई. मागच्या महिन्यात हरसूलहून एस.टी.नं आलेली बाई, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, जिना चढून दम लागलेला. लेकीच्या लग्नाचे फोटो कधी मिळणार, विचारायला आली होती. शुभांगीनं कॉम्प्युटरवर शोधलं. हरसूलचं लग्न नव्हतंच. तारीख विचारून शोधलं, तरी नव्हतं.

“तुमच्याच भावानं काढलं व्हं. उंच हाय, चष्मा हाय. पिशवीवर हेच नाव होतं,” फुलाबाई म्हणत होती. “माझी लेक सासरी गेली, ती फोनवर रोज इचारती.”

“मावशी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. आमच्याकडचा एकेक फोटो या मशीनमध्ये येतो. इथं नाही म्हणजे आम्ही काढलेला नाही.”

“मी काय खोटं बोलू का बाई? एवढ्या लांबून यिऊन?”

आणि शुभांगीनं — हे आठवून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या — शुभांगीनं पट्कन म्हटलं होतं, खोटं नाही हो, पण लोक नाव दुसऱ्याचं घेतात नि ॲडव्हान्स दुसऱ्याला देतात, मग आमच्या दारात येतात. बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि जिन्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. संध्याकाळी ज्ञानेशला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. “असतात असे लोक,” म्हणाला. मान वर न करता. बुटाची नाडी सोडवायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला होता, हे तिला आत्ता दिसत होतं.

माझ्या तोंडून त्यानं एका बाईला खोटं ठरवलं. माझं तोंड वापरलं.

दुकानाआधी शुभांगी अंबडच्या कंपनीत कॉइल गुंडाळायची. टेबलाची रांग, वर ट्यूबलाइट, आणि शेजारी अंबूबाई, जिच्याशी दिवसभर गप्पा चालायच्या. वाईट नव्हतं ते. पर्मनंट होणाऱ्यांत तिचं नाव लागलं होतं. तेव्हाच ज्ञानेश मळ्यातल्या विहिरीवर येऊन बसला. ती शेवंतीच्या टोपल्या भरत होती, उद्याच्या फुलबाजारासाठी. म्हणाला, रोलचे दिवस गेले ताई, आता सगळं कॉम्प्युटरवर, आणि माझं डोकं त्यात चालत नाही. मी फोटो काढीन. पण ते उतरवायचं, पुसायचं, सांभाळायचं मला या जन्मात जमणार नाही. तू नसशील तर मी दुकान काढतच नाही. आई म्हणाली, पोरीची चांगली नोकरी… पण शुभांगीच्या कानात एकच वाक्य राहिलं होतं, तू नसशील तर. तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. फुलं तोडायला, भाकरी थापायला, भावंडं सांभाळायला ती होतीच, पण नसली असती तर दुसरं कुणीतरी असतं. हे पहिल्यांदाच. तिनं क्लास लावला, राजीनामा दिला, स्थळं आली ती ‘आत्ता नको, दुकान नवं आहे’ म्हणून परतवली, आणि या खुर्चीत येऊन बसली. मूर्ख नव्हते मी. मला पाहिजेच होतं ते.

जिन्यावर पावलं वाजली. ज्ञानेश दोन-दोन पायऱ्या घेत चढतो, तशीच. तिनं कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं, लपवलं नाही.

“ताई, बॅटऱ्या झाल्या? चारला निघायचं—” तो थांबला. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग अगदी सहज, खरंच अगदी सहज म्हणाला, “अरे, हे इथं राहिलं होय. पार्टीचं आहे. प्रिंट काढायला दिलंय एकानं.”

तिला ते इतकं आवडलं. गिऱ्हाइकाचं कार्ड… हे सुचलंच नव्हतं आपल्याला. गिऱ्हाइकं देतातच की कार्डं. तिनं ते वाक्य घट्ट धरलं आणि त्याच्या मदतीलाच धावली.

“मग दे ना, उतरवून ठेवते. पार्टी येईल घ्यायला.”

“नको. आपला रीडर ते घेत नाही.”

बोलून झाल्यावरही त्याला काही कळलं नाही. तिला कळलं. गेल्या वर्षी ते कार्ड त्यांनी फक्त कॅमेऱ्यात घातलं होतं आणि परत केलं होतं. रीडरचं तिला स्वतःला कळून घटका झाली नव्हती. आणि ज्ञानेश, जो माउस धरतानाही ‘ताई, हे पळतंय बघ’ म्हणायचा, ज्याला कॉम्प्युटर चालू कुठं होतो ते विचारावं लागायचं, तो रीडरचं सांगत होता. म्हणजे तिच्या माघारी या खुर्चीत बसून त्यानं ते घालून बघितलं होतं.

“कुणाचा कॅमेरा आहे?” तिनं विचारलं. आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

तो खिडकीशी जाऊन खाली चौकाकडे बघायला लागला. मग म्हणाला, “रोहितचा. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून घेतला.” रोहित म्हणजे त्याचा मेव्हणा. “कॉलेज रोडला गाळा बघितलाय. सांगणार होतो ताई. शपथ. आज सांगू, उद्या सांगू करत…”

“हरसूलचं लग्न?”

“देतो त्यांना अल्बम. पोचवतो स्वतः.”

इतकं सगळं तिनं ऐकून घेतलं. गाळा, मेव्हणा, शपथ. दुखत होतं, पण अंदाज होता त्या जागीच दुखत होतं. तिला दुसरंच काहीतरी हवं होतं, एक नाव हवं होतं. कुणीतरी असेल तिथं, कॉलेज रोडला — क्लास केलेली एखादी चटपटीत मुलगी, किंवा रोहितची बायको — जी त्याच्या हातातून कार्ड घेत असेल, ‘द्या इकडे’ म्हणत असेल, त्याचे अर्धवट मिटल्या डोळ्यांचे, हललेले फोटो काढून टाकत असेल. तिच्यावर रागावता आलं असतं. तिला शिव्या घालता आल्या असत्या, मनात, रोज.

“तिथं कार्ड कोण उतरवून घेतं?”

“मीच,” ज्ञानेश म्हणाला. आणि तिच्या तोंडाकडे बघून, जणू तिची काळजी मिटवावी म्हणून, हळूच पुढं म्हणाला, “जमतं आता मला. अवघड नाही काही.”

…अवघड नाही काही. नाहीच अवघड. क्लासमध्ये तिलाही पहिल्या आठवड्यात आलं होतं. पण तो खुर्चीच्या मागं उभा राहायचा, हनुवटी तिच्या खांद्यापर्यंत आणून, आणि म्हणायचा, ताई तू कसं करतेस गं हे, आणि ती म्हणायची, राहू दे, तू हो बाजूला, आणि दिवसभराचा शिणवटा उतरायचा तिचा. ती सिन्नरफाट्याची हळद, कार्ड उघडेना म्हणून तो जमिनीवर बसून राहिला होता डोकं धरून, आणि तिनं पहाटेपर्यंत खटपट करून फोटो परत आणले होते, तेव्हा तो वाकून पाया पडला होता तिच्या — तेव्हा त्याला येत होतं? की त्यानंतर शिकला? मागं उभा राहून बघत होता तेव्हा नवल करत होता, की शिकत होता? मागच्या राखीपौर्णिमेला? परवा, ‘हे पळतंय बघ’ म्हणाला तेव्हा? एकेक दिवस ती उचलून बघत होती आणि कुठला खरा, कुठला खोटा ते कळत नव्हतं, आणि आजवर तर सगळे एकाच रंगाचे दिसायचे.

“ताई,” ज्ञानेश म्हणाला. “बोल ना काहीतरी. काय विचारायचं ते विचार. आज मी काही लपवणार नाही.”

कधीपासून, एवढंच विचारायचं होतं तिला. शब्द जिभेवर आलाही. तो समोर उभा होता, चष्मा हातात घेऊन, लहानपणी मार खायला उभा राहायचा तसा, आणि त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की विचारलं तर तो सांगेल, वर्ष सांगेल, महिना सांगेल. शुभांगीनं ओठ मिटून घेतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला भावाच्या खरं बोलण्याची भीती वाटत होती.