नीलाची हळद

घाटकोपरच्या एका लहानशा कारखान्यात शरच्चंद्र साबणांसाठी सुगंध जुळवायचा, आणि गेली दोन वर्षं त्याला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. नाकावर पोट असलेल्या माणसाचं नाक गेलंय हे बाहेर कळलं, तर त्याला कोण विचारतो?

हळदीचं तेल पातळ करायला शेठने कसलंसं स्वस्तातलं द्रावण आणलं होतं. त्या द्रावणाने घात केला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "तुमचं नाक काही परत येणार नाही. पण त्या बाटल्या दुसऱ्या कुणाला हुंगू देऊ नका." शरच्चंद्राने ऐकून घेतलं. आणि त्याच बाटल्या मुलुंडच्या घरी आणून मुलीच्या, नीलाच्या नाकाखाली धरायला लागला.

खेळ म्हणून सुरू झालं. कागदाची पट्टी तेलात बुडवायची अन् म्हणायचं, "ओळख बघू, चंदन वर आहे की हळद?" हळद-चंदनाचा साबण तेव्हा फार खपायचा. त्यात हळदीचं तेल मोठं नाठाळ. नेमकं पडलं तर ओल्या मातीसारखा वास मागे रेंगाळतो, थेंबभर जास्त झालं की अंगाला आमटीचा वास. नीलाचं नाक तल्लख होतं. "बाबा, हळद जरा कमी करा," ती म्हणायची, आणि शेठ खूश व्हायचा. पोरीला वाटायचं, बाबांना सगळं ठाऊक आहे, ते आपली परीक्षा घेतायत. बापाने तसंच वाटू दिलं. लबाडच तो, दुसरं काय म्हणायचं!

मग नीलाचं लग्न ठरलं. बोरिवलीचं स्थळ. घरात आनंदीआनंद. पोरगी सासरी गेली की आपलं पितळ उघडं पडणार, या धास्तीने शरच्चंद्राला मात्र जेवण जाईना. त्यात ती हल्ली उत्तर द्यायला वेळ लावायची. पट्टी नाकाशी धरून त्याच्याकडेच बघत राहायची. परवा दूध करपलं. आतल्या खोलीतून तिची आई नलिनी धावत आली, आणि नीला गॅसकडे पाठ करून शांतपणे कोथिंबीर निवडत बसलेली. "लग्नाचं डोक्यात आहे तिच्या," शरच्चंद्र घाईघाईने म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, त्याने पुढे विचारच केला नाही.

हळदीच्या दिवशी शेठ आला. पेढ्यांचा पुडा नलिनीच्या हाती देऊन त्याने शरच्चंद्राला गॅलरीत नेलं.

"शरदभाई, माल परत आला. बायका बोलतात, साबणाला फोडणीचा वास मारतो. तुम्ही पास केला कसा?"

"बघतो, शेठ."

"बघू नका. हुंगा," शेठ म्हणाला. तो हसला नाही.

शरच्चंद्र आत आला. नीला पाटावर बसली होती, कपाळाला घरची मुहूर्ताची हळद. बायका दाराशी बोरिवलीकरांची वाट बघत होत्या. तो तिच्याजवळ वाकला.

"नीले, मागच्या वेळी हळद बरोबर आहे म्हणालीस ना गं?"

तिने मान खाली घातली. "रागावू नका ना, बाबा. दिवाळीपासून मला वासच येत नाही. कसलाच."

"मग सांगत काय होतीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून सांगायचे. तुम्हाला तर कळतंच ना. कपाळाला आठी पडली की म्हणायचे, हळद कमी करा. नाही पडली की म्हणायचे, बरोबर आहे."

ती आठी वासाची नसायची, पकडलं जायच्या भीतीची असायची, हे जगात शरच्चंद्राला एकट्याला माहीत होतं. आत्ता सांगावं, पोरीचे पाय धरावे, असं त्याला वाटलं. तोंड उघडलंसुद्धा त्याने.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. "उष्टी हळद आली गं!" नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद वाटीत घेऊन त्याची मावशी आत आली. सगळ्या बायका भोवती जमल्या. कुणी म्हणाली, अहाहा, काय घमघमाट सुटलाय!

"खास सांगलीची हो, घरी कुटलेली," मावशीने वाटी नीलाच्या नाकाशी धरली. "वास बघ गं, सूनबाई. कसा आहे?"

नीलाने वाटीवरून डोळे उचलले आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

शरच्चंद्राने हसून मान डोलावली.

"छान आहे," नीला म्हणाली.