डाव्या बाजूचा बैल

संस्थानच्या हद्दीवरची ती पाटी तुम्ही लावलीत. तुमचं नाव इथं घेत नाही. पाटीखाली ज्याची सही होती त्याला ते ठाऊक आहे. सगळ्या गाड्यांनी रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालावं, न चालेल त्याचं जनावर कोंडवाड्यात जाईल, असं तुम्ही लिहिलंत. लिहिताना बैलाला विचारलं नाहीत, बैल हाकणाऱ्याला विचारलं नाहीत, तेही सोडून देऊ. पण आपण लिहिलेलं तुम्ही स्वतः कधी वाचलं नाहीत. हा आरोप आहे. पारोळ्याच्या सुंदरबाईचं काय झालं ते ऐका, आणि मग तो खोटा आहे असं म्हणून दाखवा.

सुंदरबाईची एकुलती लेक बेबा नर्मदेच्या काठी, संस्थानच्या मुलखात दिलेली. लग्नानंतर वर्षातच बेबाचा बाप गेला आणि पोरीचं माहेर तुटलं. दर दिवाळीला सुंदरबाई निरोप धाडायची, आणि दर दिवाळीला तिकडून तेच उत्तर यायचं. ज्या घरात गाडी हाकायला पुरुष नाही, त्या घरी सून धाडायची तरी कुणाच्या भरवशावर? गाडी मी हाकते, असं सुंदरबाईनं कळवलं. व्याही हसले म्हणे. ते हसणं तिच्या छातीत रुतून बसलं. आपल्या गाडीत, आपल्या हातात कासरा धरून व्याह्याच्या दारात उतरायचं आणि त्याच गाडीत लेकीला बसवून आणायचं, एवढं तिनं ठरवलं.

त्या माघात कापूस जिनात जाऊन पडला होता. गल्लीतले रुपचंदनाना नर्मदा बघायला निघाले, दोन दमण्या, टपाच्या हलक्या बैलगाड्या, घेऊन. तिसरी सुंदरबाईनं जोडली. वर चटयांचा टप, आत गोधड्या, कळण्याचं पीठ, पापड, दगडी खलबत्ता, खाली लोंबता कंदील. आणि गोधड्यांच्या ढिगावर जाऊ वच्छलाबाई. तिला यायचं नव्हतं, पण न येऊन गावगप्पा चुकवायच्याही नव्हत्या.

धुळं मागे पडलं, सोनगीर गेलं, तापी उतरून शिरपूर गेलं. आग्रा रोडवर चाक छान पळत होतं. सुंदरबाईच्या जोडीत डावीकडे पवळ्या आणि उजवीकडे रतन. रतनचा उजवा डोळा लहानपणी तुरीच्या खुंटानं गेला होता. म्हणून सुंदरबाई गाडी नेहमी सडकेच्या उजव्या कडेनं न्यायची. आंधळी बाजू बांधाकडे राहायची, येणारंजाणारं सगळं उघड्या डोळ्याच्या अंगानं जायचं. डावीकडनं चालायचा कायदा धुळ्याच्या सडकेवरही असेल, नसेल असं नाही. पण तो पाळायला लावणारा तिला जन्मात भेटला नव्हता. आपल्याकडे एकच रीत चालते. भरलेली गाडी सडक सोडत नाही, रिकामी गाडी बाजूला होते. ती कुणाला शिकवावी लागत नाही. दोन गाडीवान लांबूनच एकमेकांची चाकं बघतात, चाक किती दबलंय ते कळतं, आणि हलकी गाडी आपसूक उतरते.

पळासनेरच्या पुढे हद्द. नाक्यावरच्या शिपायानं पाटी वाचून दाखवली. नानांनी मान हलवली, सुंदरबाईनंही हलवली. ऐकलं सगळ्यांनी, पण जन्माची सवय कानानं थोडीच जाते.

कोसभर गेल्यावर समोरून मोटार आली. नानांच्या दोन्ही गाड्या घाबरून डावीकडे झाल्या. सुंदरबाई उजव्या कडेनं चालत राहिली. मोटार तोंडासमोर येऊन थांबली. पुढे हाकणारा, त्याच्याशेजारी शिपाई, मागे संस्थानचा कुणी बडा अधिकारी, कामदार, एकटाच पाय पसरून. शिपायानं हात झाडून बाजूला हो म्हणून सांगितलं. सुंदरबाईनं मोटारीत वाकून पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "भाऊ, मन्ही गाडी भरेल शे. तुन्ही त रिकामीच शे. तूच हो ना जरा बाजूले."

मागच्या माणसाचा चेहरा काळवंडला. एवढ्या मोठ्या कामदाराला रिकामं म्हणणारं त्या मुलखात कुणी जन्मलं नसावं. टपाखालून वच्छलाबाई खुसखुसली, आणि ते जास्तच लागलं. शिपायानं खाली उतरून वेसण धरली, गाडी ओढत डाव्या कडेला नेली आणि मोटारीला पुढे जायची खूण केली. मोटार भोंगा वाजवत गेली ती रतनच्या आंधळ्या अंगानं. त्याला दिसलं काहीच नाही, नुसता कानाशी राक्षस ओरडला. त्यानं पवळ्याला असा रेटा दिला की दमणी कलंडून कडेच्या चारीत गेली. खलबत्ता वच्छलाबाईच्या पायावर पडला, पीठ मातीत गेलं.

मोटार पुढे जाऊन थांबली आणि मागच्या माणसाचा हुकूम जागच्या जागी सुटला. ही गाडी हद्दीबाहेर काढा. पुन्हा आलीच आणि डावी बाजू सोडलेली दिसली, तर आंधळा बैल कोंडवाड्यात आणि तिथून लिलावात. नानांनी हात जोडून पाहिलं. शिपाई म्हणाला, बैल आंधळा, बाई बहिरी, आम्ही करायचं काय.

पळासनेरला परत आल्यावर नानांनी पोक्त सल्ला दिला. रथसप्तमीची आंघोळ चुकवायची नाही, आपण निघू. सुंदरबाईनं बैल इथंच पाटलाकडे बांधावेत आणि नानांच्या गाडीत बसावं, लेक भेटल्याशी मतलब. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाना, तुम्हना गाडीमा बशीसन गऊ त व्याही खरा ठरस. तुम्ही व्हा पुढे."

नाना गेले. वच्छलाबाई लंगडत राहिली, पाय सुजलाय हे निमित्त सांगून.

आता इलाज एकच होता. रतनला जूच्या डावीकडे घालायचं, म्हणजे आंधळ्या डोळ्याच्या आड पवळ्या येतो. बोलायला सोपं. बैल एकदा ज्या हाताला जुंपायला शिकला त्या हाताला म्हातारा होतो. गोठ्यात दावणीलासुद्धा तो त्याच बाजूला उभा राहतो, बाजू बदलली तर वैरणीला तोंड लावत नाही. रतन बारा वर्षं उजवीकडचा. गावातल्या दोघातिघांनी सांगितलं, बाई, हे व्हायचं नाही, नवा बैल बघ.

तिनं नदीच्या वाळूत नुसतं जू ठेवलं, गाडी नाही. रतनला डावीकडे उभं केलं की तो मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे यायचा, शहाण्यासारखा, जणू हिचंच चुकलंय. जूच्या खुंट्या, शिवळा, लावून बांधला तर जागच्या जागी गरगर फिरायला लागला आणि पवळ्याला फिरवायला लागला. बांधावर बसलेली माणसं पोट धरून हसली. वच्छलाबाई म्हणाली, अक्का, याला पारोळ्याला जायचंय गं, तुझं याला पटलेलं नाही.

सुंदरबाईनं चाबूक हातात घेतला नाही. चाबकानं बैल पळतो, शिकत नाही. तिनं दोघांची दावणीची जागा बदलली. रतननं वैरण हुंगली नाही. तिनं स्वतःही भाकरी बाजूला ठेवली आणि त्याच्या डाव्या अंगाला बसून राहिली. वच्छलाबाई चिडली, बैल उपाशी, तू उपाशी, मी एकटीनं गिळायचं का म्हणून तिनंही टोपलं झाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रतननं कडब्याचं एक धाट ओढलं. मग जू मानेवर, आणि सुंदरबाई पुढे, पाठमोरी, कासरा खांद्यावर टाकून. दहा पावलं सरळ, मग वळसा. पुन्हा पहिल्यापासून. वाळूत तिचे तळपाय सोलले. व्याह्याचं हसू आठवलं की ती पुन्हा उठायची. आठवड्याच्या आत रतन गाडीसकट डावीकडनं चालू लागला. हसणाऱ्यांतल्या एकानं येऊन चाकांना वंगण घातलं.

ती हद्द ओलांडून निघाली. सडकेच्या डाव्या कडेनं, अगदी तुम्ही लिहिलंत तशी. समोरून टांगा गेला, लमाणांचे बैल गेले, रतननं कान हलवला नाही. वच्छलाबाई टपातून म्हणाली, आता हा साहेबच झाला.

पुढे सडकेच्या उजव्या अंगाला नवी खडी टाकलेली होती, सुटी, टोकदार. डावं अंग साफ होतं आणि त्यावर आंब्यांची सावली होती. डावीकडे खाली खोल चारी. आणि समोरून तीच मोटार आली. तिला खडीवर टायर घालायचे नव्हते, उन्हात जायचं नव्हतं. ती सुंदरबाईच्या बाजूनं, म्हणजे स्वतःच्या उजव्या हातानं आली, सरळ तोंडावर.

भोंगा वाजला. रतन उभा राहिला. पवळ्या उभा राहिला. सुंदरबाईनं कासरा आखडला आणि गाडी जागेवर रोवली. मोटार दोन हातांवर येऊन थांबली.

शिपाई उतरला. तिला ओळखून म्हणाला, "पुन्हा तूच? उतरव गाडी खाली. साहेबांची मोटार आहे."

"खाले चारी शे, भाऊ."

"मग उजवीकडे घे."

"उजवीकडे गई त बैल कोंडवाडामा. तूच त सांगं व्हतं."

शिपायानं मागे वळून पाहिलं. मागच्या माणसानं, पाटीखाली ज्याची सही होती त्यानं, पाय आखडून घेतले आणि झाडांकडे पाहू लागला. मागे गेलेले लमाण वळून थांबले, टांगेवाला परत फिरून आला.

सुंदरबाई गाडीतून उतरली. रतनच्या मानेवर एक हात ठेवून ती मोटारीच्या काचेपाशी आली. आवाज चढवला नाही.

"सायेब, डावीकडथीन चालानं तुम्ही सांगं. मन्हा आंधळा बैल शिकना. आते तुम्ही सांगा, तुम्हनी मोटार कोणत्या बाजूले उभी शे? माले घाई नही. मी थांबेल शे, बैल थांबेल शेत. जबाब द्या."