आईच्या दाताचे किडे

जुन्या गोदामाबाहेर सकाळपासून रांग लागली होती. आत पाण्याच्या परातीत मधोमध तापलेली वीट होती. दातवाले बाबा तिच्यावर चिमूटभर बिया टाकत. डोक्यावरून चादर घेऊन रोग्यानं धुरावर तोंड उघडायचं. चादर काढली, की पाण्यात पांढरे किडे!

"मुळं पोखरत होते हरामखोर!" बाबा गरजत. "डॉक्टर दात उपटतो, आम्ही शत्रू उपटतो!"

लोक हात जोडत. आईला घेऊन आलेल्या थोरल्या लेकीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आईची ही तिसरी खेप. धुरानं ठणका तात्पुरता थांबायचा, पण हिरड्यांतून रक्त येतच होतं आणि खालचे दोन दात जास्तच हलायला लागले होते. थोरली बियाण्यांच्या कारखान्यात उगवण तपासायची, दिवसभर भिंगाखाली कोंब बघायची. तिनं परातीतला एक किडा बोटावर घेतला. ना डोकं, ना वळवळ.

"बाबा, आता आईला न बसवता धूर करा."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, ताई."

"धुरावर कुणाचं तोंडच नसेल तर पाणी स्वच्छ राहील. भीती कसली?"

"होऊन जाऊ द्या की!" रांगेतला सुतार म्हणाला.

बाबा डबी शोधायचं नाटक करू लागले. थोरलीनंच पाणी बदललं, डबीतल्या बिया विटेवर टाकल्या आणि वर चादर धरली. थोड्या वेळानं चादर उचलली. किडेच किडे!

"हे कुणाच्या दाताचे?" तिनं विचारलं. "बी तापलं की टरफल फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. बाकी काही नाही."

"मग माझा ठणका कसा थांबायचा गं?" आईनं विचारलं.

"धुरानं हिरडी बधिर होते, आई. आजार आतच राहतो."

गलका उसळला, तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाले होते.

दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हिरडीखाली किटण साचलं, सूज आली. मुळावरचा पातळ थर खराब झाला, त्याला हाडाशी बांधणारे धागे तुटले, हाडही झिजलं. म्हणून दात हलतात. एक वाचवता येईल. दुसऱ्याला उशीर झाला, तो काढावा लागेल. आधी आला असतात तर..."

आईनं तो दात काढून घेतला.

पण घरी ती लपून बसली नाही. चौकशीला येईल त्याला तोंडातली फट दाखवून ती सांगायची, "माझं दुखणं खरं होतं, पण म्हणून बाबाचा उपाय खरा ठरत नाही. चमत्कार दिसला, की आधी तपासा. मगच तोंड उघडा."