धूर गेल्यावर

माझी बायको भागीरथा आजवर नागपूरच्या पलीकडे गेलेली नाही, आणि नागपूरलाही गेली ती दवाखान्यात. पण किर्गिझस्तानातल्या एका शहरात कॉलेजच्या फाटकापासून भाजीबाजाराला जायचं तर कुठल्या नंबरची गाडी धरायची, कुठे उतरायचं आणि उतरल्यावर कोणत्या हाताला वळायचं, हे ती डोळे मिटून सांगते. मी सव्वीस वर्षं एसटी चालवतोय. चंद्रपूर ते आरमोरी रस्त्यावरचा एकेक खड्डा मला पाठ आहे आणि त्याचा मला कोण गर्व. बायकोचा रस्ता माझ्याहून लांबचा निघाला.

तो तिला आमच्या रीताने शिकवला. रीता तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली होती. रोज संध्याकाळी चालता चालता ती आईला फोन करायची आणि रस्त्यात दिसेल ते सांगत सुटायची. मी बहुतेक ड्यूटीवर असायचो. घरी असलो तरी, "दुकानाच्या पाट्या काय वाचून दाखवतेस, अभ्यासाचं बोल," म्हणून खेकसायचो. मायलेकी हसायच्या आणि पुढे चालू लागायच्या.

तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, रीता तिथेच गेली. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली.

तिकडे इमारतीच्या भिंतींतून गरम पाण्याचे नळ फिरवलेले असतात, त्यावर खोल्या ऊबदार राहतात. ते नळ फुटले आणि तीन दिवस कुणी दुरुस्त केले नाहीत. बाहेर उणे वीस. रीताने लाकडी कोळशाची पिशवी आणली, लोखंडी कढईत कोळसे पेटवले आणि कढई खोलीत घेऊन अभ्यासाला बसली. दुसऱ्या दिवशी दार तोडावं लागलं. कागदावर लिहून आलं की कोळशाचा वायू, ज्याला रंग नाही आणि वास नाही. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती, की कोळसे आधी बाल्कनीत पेटवल्याच्या खुणा आहेत.

त्या ओळीने माझं डोकं फिरवलं. म्हणजे पोरीने काळजी घेतली होती. मग ही असली अर्धवट काळजी तिला शिकवली कुणी? रीता ही साधी तापाची गोळी घ्यायची तरी दोनदा विचारणारी पोरगी. कुणीतरी सांगितल्याशिवाय ती हे करणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगत होतो. मला त्या माणसाचं नाव हवं होतं. पोरगी परत मिळणार नव्हती, निदान नाव तरी.

घरमालकाला शिव्या घालून झाल्या, त्याला मराठी येत नव्हतं. मग मी रीनाला धरलं. रीना आरमोरीची, रीताच्या खोलीतलीच. त्या दिवशी ती दुसऱ्या इमारतीत मैत्रिणीकडे गेली होती, म्हणून वाचली. फोनवर मी तिला नाही नाही ते बोललो. तूच सांगितलं असशील आणि आता अंग काढतेस, असंही बोललो. सुट्टीत ती बापाला घेऊन आमच्या दारात आली, तर मी तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. पोर अंगणात उभी राहून रडली आणि गेली. भागीरथा आतून बाहेर आली नाही. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखाच राग आहे.

तेव्हापासून घरात माझी एक रीत झाली होती. ड्यूटीवरून यायचं, हातपाय धुवायचे, जेवायला बसायचं आणि पहिल्या घासाआधी त्या न दिसलेल्या माणसाचा उद्धार करायचा. त्याचं तोंड सडो, त्याच्या घरात दिवा न लागो. भागीरथा वाढत राहायची. मी बोलून मोकळा व्हायचो आणि मला वाटायचं, तीही होत असेल.

पोळ्यानंतरच्या रविवारी गोंडपिपरीकडून वारलूभाऊ आले. धानाचे शेतकरी, माझ्याच गाडीने कधीमधी यायचे, तेवढीच ओळख. सोबत त्यांची मुलगी दिव्यानी, हातात कोरी वही. दिव्यानीला त्याच शहरात, त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तीन आठवड्यांनी तिला निघायचं होतं.

"भाऊ, तुमच्या घरी बाईले तिथलं सारं माहीत हाय म्हणतेत," वारलूभाऊ चपला काढता काढता म्हणाले. "पोरीले दोन गोठी सांगतल्या तं उपकार होतीन."

मी सरळ सांगितलं की तिला पाठवू नका. इकडे कॉलेजं मेली आहेत का, नर्सिंग करा, शिक्षिका करा. आमच्या घराकडे बघूनही तुम्हाला कळत नाही का, असंही बोलून गेलो. वारलूभाऊ खाली बघत राहिले. दिव्यानीने वही छातीशी धरली, पण उठली नाही. तेवढ्यात भागीरथा आतून चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता पोरीच्या समोर जमिनीवर बसली.

"लिव," ती म्हणाली.

आणि दोन वर्षांत जी बाई दिवसाला चार वाक्यं बोलायची नाही, ती बोलायला लागली. तिथल्या छोट्या गाडीत चढताच ड्रायव्हरच्या हातात पैसे द्यायचे. उतरायचं ठिकाण आलं की गप्प बसायचं नाही, ओरडायचं, नाहीतर गाडी पुढे जाते. म्हातारी बाई चढली की उठून जागा द्यायची, नाही दिली तर सगळी गाडी बघते. मोठ्या बाईला नाव घेऊन हाक मारायची नाही, एजे म्हणायचं, आपण मोठ्या बहिणीला बाई म्हणतो तसं. रोटी पालथी ठेवायची नाही, त्यांना ते अशुभ वाटतं. पासपोर्टची नक्कल खिशात असू द्यायची. कुकरच्या रिंगा दोन जास्तीच्या न्यायच्या, तिथे मिळत नाहीत. रडू आलं तर न्हाणीत नळ सोडून रडायचं, भिंती पातळ असतात.

ते शेवटचं ऐकून मी मान वर केली. रीता रडायची हे मला माहीत नव्हतं.

"बर्फावर पाय उचलून चालू नोको," भागीरथा सांगत होती. "चिखलात चालतो तसा, दाबून दाबून टाकजो. बाजारातून येताना उजव्या हातचा रस्ता धरजो, तिथी उन्हं पडते, बर्फ कमी राह्यते."

बोलता बोलता ती हाताने हवेत रस्ता काढून दाखवत होती. मला तिचा हेवा वाटला. मी पोरीला वाढवलं, फी भरली, विमानात बसवलं. पण ती जिथे राहिली त्या गावाची एक गल्ली मला माहीत नव्हती, आणि हिला अख्खं गाव माहीत होतं. पोरगी गेली तरी हिच्याकडे ते गाव उरलं होतं.

दिव्यानी भराभर लिहीत होती. पान उलटून तिने विचारलं की भांडी कोणती न्यायची.

"कुकर ने. तवा ने. लोखंडाची कढई नेऊ नोको."

"काऊन मावशी? आई तं कढईच दे म्हणते."

भागीरथा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी म्हणालो, जड होते म्हणून सांगतेय ती, विमानात वजन धरतात. म्हणजे विषय मला तिथेच मिटवायचा होता. पण तिने मान हलवली.

"वजनासाठी नाई," ती म्हणाली. "तिथी हिवाळ्यात खिडक्याच्या फटीले पट्ट्या चिकटवते. हवा आत येत नाई न बाहीर जात नाई. हे मले माहीत होतं. रीतानं फोनवर सांगतलं होतं, आई, आज आमी पट्ट्या लावल्या. मले माहीत होतं, तरी म्या तिले सांगतलं."

"काय सांगतलं?" दिव्यानीने विचारलं. त्या पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. मला तोवर कळलं होतं.

"संध्याकाळी फोन आला तिचा. आई, हात गारठले, पेन धरता येत नाई, म्हणे. हे मुक्कामी गाडीवर होते. म्या म्हटलं, कोळसे आण, कढईत पेटव. बाहीर पेटव. धूर जाऊ दे. धूर गेला की आत घे, मंग काई भेव नाई."

दिव्यानीचा पेन थांबला. वारलूभाऊ गळ्यातला दुपट्टा तोंडाला लावून बसले. भागीरथा रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी काय करतो याची वाट बघत होती.

दोन वर्षं मी ठरवून ठेवलं होतं की तो माणूस सापडला तर काय करायचं. राग आलाच. पायापासून वर चढला, मी खुर्चीवरून उठलोही. पण उठता उठता तिचे शब्द माझ्या कानात पुन्हा वाजले आणि ते मला ओळखीचे वाटले.

ते माझे शब्द होते.

रीता लहान असताना आमच्याकडे दगडी कोळशाची शेगडी होती. थंडीच्या सकाळी ती पेटवायचं काम माझं. मी अंगणात शेगडी मांडायचो, वारा घालायचो, आणि रीता गोधडी पांघरून पायरीवर बसायची. धूर डोळ्यांत जायचा तरी हलायची नाही. बाबा, धूर गेला का, असं विचारायची. मी म्हणायचो, नाई अजून. मग निखारे लाल झाले की मी भागीरथाला मोठ्याने म्हणायचो, धूर गेला, आता आत घे, आता काई भेव नाई. आणि रीता पुढे पळत जाऊन दार उघडून धरायची. आमच्या घरावर कवेलू होते, फटीफटीतून आभाळ दिसायचं. त्या घरात ते खरंच होतं. माझ्या बापानेही मला तसंच सांगितलं होतं. शेगडीचं भय धुराचं असतं, एवढंच आम्हाला माहीत. धुरामागून जे येतं त्याला आमच्या घरात कधी राहायला जागाच मिळाली नव्हती.

म्हणजे पोरीने आईचं ऐकलं, आणि आईने माझं सांगितलं. बाल्कनीतल्या त्या खुणा मी दोन वर्षं वाचत होतो आणि मला माझीच रीत ओळखू आली नव्हती. मी पुन्हा खाली बसलो.

मग मी वहीसाठी दिव्यानीपुढे हात केला. तिने वही दिली. मी लॉगशीट सोडून काही लिहिणारा माणूस नाही, अक्षर माझं गाडी चालताना काढल्यासारखं. तरी मोठ्या अक्षरांत लिहिलं: बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही. बाहेर पेटवून आत आणायचा नाही. कितीही थंडी असली तरी नाही. घरचं कुणी सांगितलं तरी नाही.

दिव्यानीने ते वाचलं. तिला एक शंका होती, आणि ती विचारू की नको असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"काका, धूर नसला तरी?"

"धूर नसला तरी," मी म्हणालो.

ती माणसं गेल्यावर भागीरथा कप उचलायला लागली. मी तिला विचारलं की दोन वर्षं काऊन नाई सांगितलंस. रोज माझ्या ताटासमोर बसून त्या शिव्या कशा ऐकल्यास. तिने कप परत खाली ठेवले.

"मले वाटे, माह्या नावानं देऊन राह्यले तं देऊ दे," ती म्हणाली. "सांगतलं असतं तं तुमाले तुमचे बोल आठवले असते. मंग तुमी कोणाले शिव्या देल्या असत्या?"

मी तिचा हात धरला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दिवसाउजेडी दार उघडं असताना मी तिचा हात कधी धरला नव्हता. आता ती रडली, आणि मीही लाजलो नाही.

दिवे लागायच्या सुमाराला मी रीनाचा नंबर लावला. तिने लगेच उचलला, पण हॅलो दबकत म्हणाली, मी आता काय बोलतो म्हणून धास्तावली असावी. मी म्हणालो, "बाई, मी रीताचा बाबा बोलून राह्यलो. सांगणारा माणूस सापडला." ती हळूच म्हणाली, "काका, मले माहीत होतं. रीतानं मलेबी फोन केला होता त्या दिवशी. म्हणे, तूबी तिकडं पेटव, आमचे बाबा असंच करत."