पीरमहंमदच्या मोटारीतलं हिरवं पाणी

युद्ध संपलं आणि नगरच्या लष्करी कॅम्पातलं जादा सामान लिलावात निघालं. कोणी तंबू घेतले, कोणी बूट घेतले. पाथर्डीचा मोटारवाला पीरमहंमद मात्र पाण्याचे दोन डबे घेऊन घरी आला. पाण्यासाठी लिलावात बोली लावणारा माणूस म्हणून तालुक्यानं त्याला आधी पोटभर हसून घेतलं.

डबे सीलबंद होते. आतलं पाणी हिरवंगार, जरासं दाट. साध्या पाण्यात मिसळून ते मोटारीच्या रेडिएटरमध्ये ओतायचं. लष्कराच्या वर्कशॉपात फिटर असलेला सहादेव त्याचा जुना दोस्त. त्यानं डबा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पीरूभाई, हा बर्फाच्या मुलखातला माल. तिकडं इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडं फायदा एवढाच की पाणी उशिरा उकळतं आणि आत गंज धरत नाही. पण त्याचा जोर दोन वर्षं. मग सगळं काढून टाकायचं, आतून धुवायचं, नवं भरायचं."

पाथर्डीच्या उन्हात पाणी गोठण्याची भीती नव्हती. पीरमहंमदनं "उशिरा उकळतं" एवढंच ऐकलं आणि दोन्ही डबे मोटारीला पाजले.

आणि खरोखर चमत्कार झाला. पाथर्डीहून नगरला जाताना करंजीचा घाट चढला की सगळ्या मोटारी धापा टाकत माथ्यावर थांबायच्या. तिथं चांगुणाबाईचं चहाचं छप्पर होतं. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, उतारू पाय मोकळे करून चहा घ्यायचे. पीरमहंमदची मोटार आता भोंगा वाजवत छपरासमोरून तशीच निघून जाऊ लागली. उतारू आतून चहाकडे बघत राहायचे.

"पीरूभाई, जरा थांबवा की," एखादा म्हणायचा.

"थांबायचं कशाला? माझी गाडी काय गोरक्षची हाय?"

गोरक्ष म्हणजे त्याच रस्त्यावरचा दुसरा मोटारवाला. त्याची गाडी दर विहिरीला तहानेली व्हायची. पीरमहंमद त्याला ओलांडताना मुद्दाम हात हलवायचा.

दोन वर्षं झाली. सहादेवनं आठवण केली.

"अरे, दोन वर्षं म्हणजे कमीत कमी दोन," पीरमहंमद म्हणाला. "इतका भारी माल फेकून कसा द्यायचा? अजून घाटात वाफसुद्धा येत नाही."

"वाफ यायच्या आधीच बदलायचं असतं, पीरूभाई."

"मग वाफ येऊ दे, तेव्हा बघू."

गंमत अशी की हाच माणूस घरात रात्रीचं पाणी सकाळी तोंडाला लावत नसे. माठात थेंबभर शिळं पाणी राहिलं तर बायकोला, सरवरीला, तो पुन्हा विहिरीवर पाठवायचा. शेवटी ती म्हणालीच, "माठातलं एका रात्रीत शिळं होतं, अन् मोटारीतलं व्हत न्हाई व्हय?"

"ते पाणी न्हाई. ते विलायती हाय," पीरमहंमद म्हणाला, आणि विषय मिटला.

तिसऱ्या वर्षी रेडिएटरमधल्या पाण्याची पातळी खाली जाऊ लागली. तो कोणाचं लक्ष नसताना विहिरीचं पाणी वरून ओतायचा आणि झाकण घट्ट लावायचा. आतला रंग हिरव्याचा चहासारखा झाला होता. तो रंग पाहिल्याचं त्यानं स्वतःलाही कळू दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात भिमाजी शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न नगरला ठरलं. गोरज मुहूर्त होता. भिमाजी म्हणाला, "पीरूभाई, तुमचीच मोटार. मधी थांबायचं काम न्हाई. वेळ चुकायला नको."

"निर्धास्त राहा, भिमाजी. माझी गाडी थांबत न्हाई," पीरमहंमदनं छाती फुगवली.

नवरदेव मुंडावळ्या बांधून पुढच्या सीटवर बसला. करवल्या, मामे, पितळी भांडी, सगळं खच्चून भरलं. अर्ध्या घाटात इंजिनातून खडखड आवाज आला. पीरमहंमदनं तो ऐकला आणि गाणी म्हणणाऱ्या बायकांना आणखी मोठ्यानं म्हणायला सांगितलं. पुढच्या वळणावर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि लाल, गंजकट पाण्याचं कारंजं काचेवर आलं. समोरचं काही दिसेना. त्यानं ब्रेक दाबला. नशिबानं चाक कडेच्या दगडाला अडलं.

सगळे ओरडत खाली उतरले. कोणाला लागलं नव्हतं. नवरदेवाच्या पांढऱ्या धोतरावर तेवढे तांबडे शिंतोडे उडाले होते. त्याची मावशी बनुबाई पदरानं पुसत म्हणाली, "अगंबाई, ह्ये हळदीचं का कुंकवाचं?"

भिमाजी ओरडला, "पीरूभाई, वाट कशाची बघताय? पानी वता की!"

पीरमहंमदकडे घोटभरही पाणी नव्हतं. तीन वर्षांत ते वाटेत बाळगायची त्याला गरजच वाटली नव्हती.

खालून धापा टाकत गोरक्षची मोटार आली. मागे पाण्याचे चार डबे बांधलेले. गोरक्ष थांबला, काहीही न विचारता एक डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "इंजिन निवल्याबिगर वतू नगा, नायतर तडकंल." मग नवरदेव, त्याचे आईबाप आणि बनुबाई त्याच्या गाडीत चढले. जाताना गोरक्षनं हात हलवला नाही. त्यानं हलवला असता तर बरं, असं पीरमहंमदला वाटलं.

उरलेलं वऱ्हाड चालत माथ्यावर गेलं. पीरमहंमद रिकामी मोटार रखडत वर घेऊन आला, तेव्हा चांगुणाबाईच्या छपराखाली बसायला जागा नव्हती. मामे दुसऱ्यांदा चहा मागत होते. तीन वर्षांत पीरमहंमदच्या मोटारीतले उतारू कोणी इतके खूश पाहिले नव्हते.

"या पीरूभाई," चांगुणाबाई म्हणाली. "वाट चुकला का?"

लग्न मुहूर्तावर लागलं. पीरमहंमद जेवायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सहादेवनं वर्कशॉपमागे रेडिएटर उघडला. आधी लाल पाणी आलं, मग चिखल आला, मग काहीच येईना. आतल्या नळ्या गच्च बुजल्या होत्या आणि एक-दोन कुजल्याही होत्या.

"साधं पाणी घातलं असतंस अन् वरचेवर बदललं असतंस, तरी हे झालं नसतं," सहादेव म्हणाला.

"तू जोरात सांगितलं न्हाईस," पीरमहंमद म्हणाला. सहादेवनं पाना खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला.

रेडिएटर दुरुस्त होऊन मोटार रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यात साधं विहिरीचं पाणी होतं. तेही पीरमहंमद फडक्यानं गाळून भरायचा आणि महिना झाला की ओतून द्यायचा. घाटमाथ्यावर आता तो सगळ्यांच्या आधी थांबतो आणि बाकीच्या ड्रायव्हरांना झाकणं उघडून दाखवायला लावतो. कोणाचं पाणी जरा तांबूस दिसलं की तो तिथंच भाषण सुरू करतो: पाणी किती दिवसांनी बदलावं, गंज कसा धरतो, वाफेची वाट बघणारा माणूस किती मूर्ख असतो. गोरक्ष मागे उभा राहून चहा पीत सगळं ऐकतो आणि मधून मधून "खरं हाय, पीरूभाई" म्हणतो.