सोनाजीच्या बंगल्याचं मूळ रूप

दोन हजार चार साली विजयकुमार पुण्याहून कुरुंद्याला आला तो घर जुनं करायला. घर नवं करणारी लेकरं गावानं पुष्कळ पाहिली होती. हा अवतार पहिलाच. त्याच्या आईला, द्वारकाबाईला, वाटलं पोरगं रजा काढून आलंय, चार दिवस खाईल, झोपेल. कसलं काय! त्यानं बॅगेतून टेप काढला आणि भिंती मोजायला लागला.

बंगला एकसष्टचा. तिचा सासरा सोनाजी हळद विकायला हैदराबादला गेला होता. तिथला एक सपाट स्लॅबचा, गोल व्हरांड्याचा बंगला त्याच्या मनात भरला, आणि त्यानं इथं तसाच्या तसा उठवला.

"काय घर आहे, आई! तुम्ही लोकांनी वाट लावली त्याची," विजयकुमार म्हणाला. तुम्ही लोकांनी म्हणजे तिनंच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि हे चिरंजीव वर्षाकाठी दिवाळीचे चार दिवस उगवत.

नंतर दिलेला हिरवा रंग खरवडला, स्लॅबवर घातलेलं पत्र्याचं छप्पर उतरवलं, मोझॅकची फरशी घासली. फरशी आरशावानी चमकली तेव्हा द्वारकाबाईलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग साहेबांचं बोट स्वयंपाकघराच्या खिडकीकडं वळलं.

"ही मूळ नकाशात नाही."

"न्हाईच. मी फोडून घेतली."

सोनाजीनं सगळं हैदराबादेसारखं केलं होतं, फक्त रस्त्याकडची ही खिडकी गाळली होती. सून चारचौघांना दिसली असती ना! द्वारकाबाईनं अठरा वर्षं धुरात डोळे पुसत भाकरी थापल्या. सासऱ्याचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी तिनं दगडोबा मिस्त्रीला बोलावलं. तेव्हापासून भाजी घेणं, शेजारच्या भिकाबाईशी भांडणं आणि समेट, सगळं या खिडकीतून. तिचा जीव होता त्या खिडकीवर.

"धूर ओढायला पंखा बसवू की."

"तो हाय व्हय नकाशात?"

"तो बाहेरून दिसणार नाही."

वा रे वा! पुण्याच्या फ्लॅटात याच्या बायकोच्या, प्रतिक्षाच्या, ओट्यापुढं दोन खिडक्या. तिथलं मूळ रूप मात्र कुणी शोधत नव्हतं. "खिडकीला हात लावायचा न्हाई," द्वारकाबाईनं बजावलं, आणि भाचीच्या लग्नाला दोन दिवस शिरड शहापूरला गेली. हीच तिची चूक.

परत आली तर खिडकीच्या जागी ओला गिलावा. तोच दगडोबा थापी धूत खाली मान घालून उभा. "मालकानं सांगितलं, वैनी." द्वारकाबाईनं भिंतीवरून हात फिरवला आणि तिला रडूच आलं. सासऱ्याच्या राज्यात ती कधी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जुन्या बंगल्यांवर पुस्तक काढणारी तीन मंडळी पुण्याहून यायची होती. विजयकुमार इस्त्रीच्या कपड्यात फाटकाशी उभा. गाडी थांबली, मंडळी उतरली आणि बघतच राहिली. त्या देखण्या गोल व्हरांड्याच्या मधोमध गॅसची शेगडी, परातीत पीठ, आणि द्वारकाबाई फतकल मारून भाकरी थापून राहिली होती. पलीकडून भिकाबाई तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत होती.

"आई, हे काय चाललंय? आत जा ना!" विजयकुमार दातओठ खात कुजबुजला.

"तुझा आजाबी असंच म्हणायचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बाई दिसू नये म्हणून त्यानं भिंत घातली. वाईट का होईना, त्याला कारण होतं. तुला काय कारण हाय, इजू? तू काहून घातली?"

विजयकुमारनं पाहुण्यांकडं पाहिलं, भिकाबाईकडं पाहिलं. द्वारकाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि उत्तराची वाट पाहत त्याच्याकडं बघत राहिली.